भाड्याच्या घरात रंग कसा आणायचा?

प्रश्न : आम्ही वन बीएचकेत भाड्याने राहतो. भिंती पांढऱ्या आहेत. घरमालक रंग देऊ देत नाहीत, खिळाही ठोकू देत नाहीत. कमी खर्चात घर रंगीत कसं करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : भिंतींचा नाद सोडा, कापडाकडे वळा. पडद्यांपासून सुरुवात करा. कपाटात पडून असलेली सुती साडी साडेपाच मीटरची असेल, तर तिचे दाराचे दोन पडदे सहज होतात. साडी आडवी कापली की काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात. पदराचा भाग खाली ठेवा. चौकटीत ताणून बसणारा स्प्रिंगचा दांडा मिळतो, त्याला खिळा लागत नाही. उशांना खणाचे अभ्रे शिवा. खण आणि काठ गडद असल्याने सोफ्यावरची चादर एकरंगी, फिकी ठेवा. गोधडी दिवाणावर अंथरा.

भिंतीवर स्टिकर किंवा दुहेरी चिकटपट्टी लावू नका. डिस्टेंपर असेल तर काढताना पापुद्रे निघतात आणि अनामत रकमेतून पैसे कापले जातात. चित्रं टेबलावर किंवा कपाटावर टेकवून ठेवा.

एका खोलीत दोन-तीनच रंग ठेवा. नवं कापड शिवण्याआधी एकदा भिजवून घ्या. आटायचं ते आधीच आटेल.