मोटारीची काया आणि कारागिराचा हात

मोटार कारखान्यातून जशी निघते तशीच ती वापरावयाची, अशी आपली समजूत असते. पूर्वी तसे नव्हते. बीदर व कलबुर्गी हे आपले जिल्हे १९४८ पर्यंत ज्या निजामी राज्यात होते, तेथील सहाव्या निजामासाठी मागविलेली १९१२ ची रोल्स-रॉइस हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जतन केलेली आहे. तिचे इंजिन व सांगाडा रोल्स-रॉइसचा. परंतु वरची पिवळी काया व मागचे सिंहासनवजा आसन लंडनच्या बार्कर कंपनीने घडविले. धन्याच्या मापाने गाडी बेतण्याचा हा धंदा असा जुना आहे.

मालमोटारीच्या तळाशी शिडीसारखी लोखंडी चौकट असते. सर्व भार ती वाहते, म्हणून वरची बॉडी उतरवून दुसरी चढविता येते. हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद मार्गावर अशा स्वतंत्र बॉडीवाल्यांनी बांधलेल्या गाड्या हव्या तितक्या दिसतील. आजच्या बहुतेक लहान मोटारींस मात्र अशी निराळी चौकट नसते. तळ, खांब व छत एकत्र जोडलेले असून तेच भार सोसतात. हौसेखातर छत कापणारा मनुष्य गाडीचा कणाच अधू करीत असतो.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुट्या भागांपासून, सुमारे साठ हजार रुपये खर्चून, जीपसारखी चारचाकी तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारली की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिची जाहीर वाखाणणी केली व पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात लोहार कुटुंबास नवी बोलेरो मिळाली. ही हकीकत सांगताना लोक एक गोष्ट गाळतात. ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर आणण्यास मनाई होईल, हेही महिंद्रांनी त्याच वेळी म्हटले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ कायम केला.

मग या विद्येत शिरावे कोठून? आमच्या मते आरंभ आय.टी.आय. मधूनच करावा. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, फिटरचा दोन वर्षांचा आहे. पत्रा ठोकून गोलाई आणणे व वेल्डिंगच्या उष्णतेने तो वाकू न देणे, हे मात्र उस्तादाच्या हाताखाली राहूनच साधते. आपल्या बिदरीच्या कारागिराला कानस चालविताना ज्याने पाहिले असेल, त्याला हा धीर म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको. कानडी वा इंग्रजी तांत्रिक शब्दांचीही धास्ती नको. गॅरेजात सर्वच भाषांचे लोक वेल्डिंगला वेल्डिंगच म्हणतात. ‘पोरगा गॅरेजात काळा होईल’ ही पालकांची काळजी आम्हांस कळते. परंतु मापाचे चित्र वाचणारा व कायदा जाणणारा कारागीर निव्वळ हातोडीवर विसंबणाऱ्याहून पुष्कळ पुढे जातो.

याच कलमाने दिव्यांगांसाठी गाडीत बदल करण्याची वाट मोकळी ठेवली आहे. त्याची रीतसर नोंद मात्र करावी लागते. पाय चालत नसलेल्या चालकासाठी ब्रेक व वेग हाताने सांभाळणारी दांडी बसवितात. एका प्रकारात ती पुढे ढकलली की ब्रेक लागतो व मागे ओढली की वेग वाढतो. ती किती लांब असावी, हे त्याच मनुष्याला आसनावर बसवून, त्याच्या हाताच्या मापानेच ठरवावे लागते.