आडवाटेच्या मोटारीसाठी एरियल कोणते?

एके काळी ज्या घरी रेडिओ असे, त्या घराच्या छपरावर बहुधा एक लांब तार ताणलेली दिसे. तिला सर्वजण एरियल म्हणत. पुढे दूरचित्रवाणी आली आणि 'अँटेना' हा शब्द घराघरांत रूढ झाला. वस्तू मात्र त्याच जातीची. या लेखात आम्ही जुना एरियल हाच शब्द ठेवीत आहोत. फरक इतकाच, की येथील एरियल घरावर नसून दगडधोंड्यांतून आणि वाळूतून जाणाऱ्या मोटारीवर बसवायचे आहे. आणि त्याने केवळ ऐकण्याचे नव्हे, तर बोलण्याचेही काम करावयाचे आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्वभागात मोहावी नावाचे वाळवंट पसरले आहे. त्यातून 'मोहावी रोड' नावाची एक जुनी वाट जाते. पाण्याच्या झऱ्यांना जोडीत जाणारी ही मूळची आदिवासींची पायवाट. एकोणिसाव्या शतकात तिच्यावरून गाड्या जाऊ लागल्या. कोलोराडो नदीच्या काठापासून पश्चिमेकडे सुमारे 220 किलोमीटर लांबीची ही वाट आज हौशी प्रवासी दोन-तीन दिवसांत पार करतात. त्यांच्या वाहनांना तेथे 'ट्रक' म्हणतात. आपल्याकडील मालट्रक डोळ्यांसमोर आणू नये. पुढे बैठक, मागे उघडा हौदा आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर पोचविण्याची सोय असलेली ही मोटार असते.

या वाटेवर पेट्रोलपंप नाही आणि पुष्कळशा टप्प्यांत मोबाइल दूरध्वनीचा संदेश पोचत नाही. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा ठिकाणी एखाद्या गाडीचा आस मोडला किंवा एखाद्याला उष्माघात झाला, तर हाक कोणाला मारावयाची? उपग्रहामार्फत संदेश पाठविणारी साधने आता मिळतात हे खरे. परंतु पाच-सहा गाड्यांच्या तांड्यातील पुढच्याने 'वळणापलीकडे खड्डा आहे' असे म्हणताच तत्क्षणी सर्वांना ऐकू जावे, ही सोय बिनतारी यंत्राचीच. म्हणून या प्रवाशांपैकी पुष्कळजण परीक्षा देऊन हौशी बिनतारी केंद्राचा परवाना मिळवितात आणि गाडीत यंत्र बसवितात. आपल्या देशातही अशी परीक्षा व असा परवाना आहे. परवान्यावाचून यंत्राने बोलणे हा गुन्हा होय. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामीने अंदमानचा इतर संपर्क तुटला, त्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे आलेल्या हौशी बिनतारीवाल्यांच्या तुकडीनेच कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांचे वर्तमान कळविले, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

यंत्राची निवड फारशी कठीण नसते. पन्नास वॅटचे एक यंत्र आणि तशाच दुसऱ्या यंत्रात बोलण्याच्या पल्ल्याच्या दृष्टीने विशेष अंतर नाही. खरा प्रश्न छपरावरच्या काठीचा. दुकानात गेले तर वीतभर लांबीपासून पुरुषभर उंचीपर्यंत शेकडो प्रकार दिसतात आणि प्रत्येकावर मोठमोठे आकडे छापलेले असतात. निवड कशी करावी? आपण शाळेत तरंगांविषयी जे शिकतो, तेवढ्याच शिदोरीवर याचे उत्तर काढता येते.

तांड्यातील बोलण्यासाठी बहुधा 'दोन मीटर' नावाचा पट्टा वापरतात. अमेरिकेत तो 144 ते 148 मेगाहर्ट्झ आहे, आपल्याकडे 144 ते 146. बिनतारी तरंग सेकंदाला सुमारे तीस कोटी मीटर जातो. म्हणून 300 या संख्येला मेगाहर्ट्झने भागले की तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते. 146 मेगाहर्ट्झसाठी ती 2.05 मीटर येते. तिचा चौथा हिस्सा 51 सेंटिमीटर. धातूच्या काठीत हिशेब किंचित आखूड होतो, म्हणून प्रत्यक्षात सुमारे 49 सेंटिमीटरची काठी लागते. हे झाले पाव-तरंगी एरियल, सर्वांत साधे आणि सर्वांत स्वस्त.

परंतु ही काठी एकटी काहीच करू शकत नाही. मूळ एरियल दोन बाहूंचे असते. एका बाहूत विद्युत्प्रवाह वर धावतो, तेव्हा दुसऱ्यात त्याची जोड लागते. मोटारीवर दुसरा बाहू कोठे आहे? तो म्हणजे छपराचा पत्रा. स्थिर पाण्याच्या तळ्यात एखादा खुंट रोवलेला असला, म्हणजे पाण्याखाली त्याचे उलटे प्रतिबिंब दिसते आणि खुंट दुप्पट उंच भासतो. विद्युत्तरंगांच्या बाबतीत पत्र्याची कामगिरी तशीच आहे. मात्र तळे पुरेसे पसरट हवे. काठीच्या चहूबाजूंस निदान तिच्या लांबीइतका, म्हणजे अर्धा मीटर पत्रा असला पाहिजे. यावरून जागा आपोआप ठरते: छपराचा मध्य. छपराच्या कडेला किंवा इंजिनाच्या झाकणाच्या कोपऱ्यात बसविले, तर तळ्याचा अर्धा भाग आटल्यासारखे होते आणि आवाज एका बाजूस जोराने, दुसऱ्या बाजूस क्षीणपणे जातो. मागच्या बंपरवर बसविले तर गाडीचे स्वतःचेच धड आड येते. एरियल विकत घेणारे लोक काठीची चौकशी तासभर करतात आणि पत्र्याचा विचारही करीत नाहीत, याचे आम्हांस नवल वाटते. कारण अर्धे एरियल त्यांनी गाडीबरोबरच विकत घेतलेले असते!

आता छापील आकड्यांकडे वळू. पाव-तरंगी काठीऐवजी पाच-अष्टमांश तरंगाची, म्हणजे सुमारे 1.28 मीटरची काठी घेतली तर 3 डेसिबेल लाभ होतो, असे सांगतात. 3 डेसिबेल म्हणजे दुप्पट. हा आकडा अमर्याद पसरलेल्या आदर्श पत्र्यावरचा आहे. मोटारीच्या छपरावर लाभ त्याहून कमीच पडतो. पण तो दुप्पट धरला तरी ही दुप्पट शक्ती आली कोठून? एरियल शक्ती निर्माण करीत नाही. यंत्राने पन्नास वॅट दिले तर त्याहून अधिक काही बाहेर पडणार नाही. कणकेचा गोळा पोळपाटावर दाबला म्हणजे तो रुंदावतो, पण त्याची उंची जाते. कणीक तेवढीच राहते. लांब एरियल तरंगांचा गोळा असाच चपटा करते. वर आकाशाकडे जाणारा भाग कमी होऊन क्षितिजाकडे जाणारा भाग वाढतो.

सपाट मुलुखात, डांबरी सडकेवर धावणाऱ्या मोटारीस हे फायद्याचे आहे आणि तेथे लांब काठी घेणारा मनुष्य शहाणाच म्हणावा. आडवाटेची गोष्ट निराळी. तेथे गाडी ओढ्याच्या पात्रातून चढताना पंधरा-वीस अंशांनी कलते. गाडीबरोबर काठी कलते आणि काठीबरोबर ती चपटी पोळीही कलते. एका बाजूस ती जमिनीत घुसते, दुसऱ्या बाजूस आकाशात जाते. शिवाय ज्याच्याशी बोलायचे, तो पुष्कळदा समोर नसून डोक्यावर असतो. या प्रदेशात उंच शिखरांवर 'रिपीटर' नावाची स्वयंचलित केंद्रे बसविलेली आहेत. दुर्बळ यंत्राचा आवाज पकडून ती लगेच दुसऱ्या वारंवारतेवर जोराने पुन्हा सोडतात. खोल दरीतल्या गाडीला शिखरावरचे केंद्र बरेच वरच्या कोनात दिसते आणि त्या कोनात पाव-तरंगी काठीचा फुगीर गोळा अधिक उपयोगी पडतो. डोंगर मध्ये आडवा आला तर मात्र कोणतेच एरियल तो भेदू शकत नाही. अशा वेळी दुप्पट लाभाच्या काठीपेक्षा गाडी शंभर पावले पुढे, चढावावर नेणे अधिक गुणकारी ठरते.

उंचीचाही विचार आहे. मोठी चाके बसविलेला ट्रक दोन मीटर उंच असतो. त्यावर अर्ध्या मीटरची काठी म्हणजे अडीच मीटर. सव्वा मीटरची म्हणजे सव्वातीन मीटर झाले. मोहावी रोडवर लॅनफेअर दरीत जोशुआ नावाच्या वृक्षांचे रान आहे. त्यांची पाने सुऱ्यासारखी ताठ व अणकुचीदार असतात आणि वाट अरुंद असल्याने फांद्या गाडीला घासतात. येथे जाड, ताठ, बुडाशी गुंडाळी असलेली काठी अडकते आणि वाकते किंवा छपराचा पत्राच पिळवटून काढते. बारीक पोलादी लवचीक काठी मात्र वेताप्रमाणे लवून पुन्हा उभी राहते. आमच्या मते आडवाटेसाठी पाव-तरंगी काठी निवडण्याचे हेच सर्वांत भक्कम कारण आहे. मोडली तरी तेवढ्याच लांबीची पोलादी तार कापून बसविता येते, हा आणखी एक गुण. आणि गणिताची आवड असणाऱ्यांनी एक गोष्ट ताडून पाहावी: 440 मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी 68 सेंटिमीटर येते, तिचे तीन-चतुर्थांश म्हणजे 51 सेंटिमीटर. म्हणून तीच काठी त्या वरच्या पट्ट्यावरही चालून जाते.

बसविण्याच्या रीतींत लोहचुंबकाचा पाया सर्वांत सोपा. छपरावर ठेवला की चिकटला. पण आडवाटेवर बारीक वाळू चुंबकाखाली शिरते आणि दिवसभराच्या हादऱ्यांनी रंगावर काचकागद फिरविल्यासारखे करते. एखाद्या फांदीने चुंबक उपटला तर तो केबलला लोंबकळत काचेवर आदळतो. त्यातही मौज अशी की, फोर्ड कंपनीच्या एफ-150 या सुप्रसिद्ध ट्रकचे धड 2015 सालच्या नमुन्यापासून ॲल्युमिनिअमचे होऊ लागले आणि त्यावर चुंबक मुळी चिकटतच नाही. पत्रा विजेच्या दृष्टीने उत्तम आहे, प्रतिबिंब तो देतोच; फक्त चुंबकाला धरत नाही. जीप रँग्लरच्या बहुतेक गाड्यांत उलट अडचण येते. तिचे काढता येणारे छप्पर धातूचे नसते, म्हणून तेथे तळेच नाही. अशा गाडीवर प्रतिबिंबावाचून चालणारे अर्ध-तरंगी एरियल घेतात. ते लांब असते आणि त्याच्या बुडाशी विशेष जुळणी लागते. पण दुसरा उपाय नाही.

पत्र्याचे छप्पर असेल तर आम्ही छपराच्या मध्यावर 19 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडून पक्का पाया बसवावा, या मताचे आहोत. नव्या गाडीला भोक पाडण्याच्या कल्पनेने मालकाच्या पोटात गोळा येतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु रबरी कड्यासह नीट बसविलेला पाया पाणी आत येऊ देत नाही, त्याचा पत्र्याशी संबंध पक्का राहतो आणि केबलही आतल्या आत, दाराच्या फटीत न चिरडता यंत्रापर्यंत नेता येते. केबल शक्य तितकी आखूड ठेवावी. सर्वसाधारण बारीक केबलच्या पाच मीटर लांबीत दोन मीटर पट्ट्यावर सुमारे 1 डेसिबेल, म्हणजे पाचवा हिस्सा शक्ती उष्णतेत जाते. पन्नास वॅट निघाले की चाळीस पोचले.

बसविल्यावर मोजणी आवश्यक आहे. भिंतीला बांधलेल्या दोरीस हिसडा दिला तर लाट भिंतीवर आपटून परत येते. एरियल यंत्राशी जुळले नाही तर केबलमध्ये असेच घडते. परत येणाऱ्या लाटेचे माप 'स्थिरतरंग गुणोत्तर' या नावाने एका लहान मापकावर वाचतात. गुणोत्तर 1.5 असेल तर शक्तीचा केवळ शंभरातला 4 वा भाग परत येतो, 2 असेल तर 11 वा आणि 3 असेल तर 25 वा. काठी थोडी लांब ठेवून, मिलिमीटर मिलिमीटर कापीत हा आकडा खाली आणावा. तथापि आकडा उत्तम आला म्हणून एरियल उत्तम, असा निष्कर्ष काढू नये. यंत्राच्या तोंडाला नुसता पन्नास ओहमचा रोध लावला तर गुणोत्तर बरोबर 1 येते; बाहेर मात्र काहीच जात नाही.

राहिला दूरच्या संभाषणाचा प्रश्न. जेथे रिपीटरही ऐकू येत नाही, तेथे 7 मेगाहर्ट्झसारख्या लघुलहरी कामास येतात, कारण त्या आकाशातील आयनांबरावरून परावृत्त होऊन डोंगरापलीकडे उतरतात. पण 7.1 मेगाहर्ट्झचा तरंग 42 मीटर लांब. त्याचा चौथा हिस्सा दहा मीटरांहून अधिक. एवढी काठी गाडीवर उभी करणे अशक्य. म्हणून सुमारे 2.4 मीटरच्या काठीत तारेचे वेटोळे घालून तिची विद्युत्-लांबी वाढवितात. याची किंमत मोजावी लागते. अशा काठीचा उपयुक्त रोध, म्हणजे ज्यातून शक्ती तरंगरूपाने बाहेर पडते तो, सुमारे 1.3 ओहम असतो. वेटोळ्याचा आणि जमिनीचा वाया जाणारा रोध मिळून 12 ओहम धरला, तर शंभर वॅटपैकी दहाच्या आसपास बाहेर जातात. बाकीची उष्णता होते. या काठ्यांवर भरमसाट पैसा खर्च करणारे लोक आहेत आणि चालत्या गाडीतून दूरवर बोलण्याचा दुसरा मार्ग नसल्याने त्यांना दोष देता येत नाही.

मुक्कामावर मात्र त्याची गरज नाही. वीस मीटर साधी तांब्याची तार घ्यावी, मधोमध कापून तेथे केबल जोडावी, एक टोक ट्रकला ठोकलेल्या काठीस व दुसरे दूरच्या खुंट्यास दोरीने बांधावे. हे दोन्ही बाहू पूर्ण असलेले एरियल होय. त्यास वेटोळे नको आणि छपराचे प्रतिबिंबही नको. पुरुषभर उंचीवर ताणले तरी ते आपली बरीचशी शक्ती सरळ वर पाठविते आणि ती आयनांबरावरून भोवतालच्या दोन-तीनशे किलोमीटरांच्या टापूत खाली येते. दिवसा 7 मेगाहर्ट्झवर हे चांगले साधते. रात्री पुष्कळदा 3.5 मेगाहर्ट्झवर उतरावे लागते आणि त्यासाठी तार दुप्पट लांब हवी. विजेच्या खांबांपासून ती दूर ताणावी. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मोहावीवर अवचित गडगडाटी वादळे येतात. क्षितिजावर वीज चमकताच प्रथम केबल यंत्रापासून सोडवितात आणि तार गुंडाळून गाडीच्या हौद्यात टाकतात.