रेणापूरची मोटार आणि विजेची मानके

लातूरहून अंबाजोगाईकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर रेणापूर लागते. रेणुकादेवीचे देवस्थान आणि रेणा नदीवरील मध्यम प्रकल्प यांमुळे हे गाव परिचित आहे. रब्बीच्या हंगामात येथील मोटार रिवाइंडिंगच्या एखाद्या दुकानात थोडा वेळ बसावे. दारात जळालेल्या मोटारी ओळीने ठेवलेल्या असतात आणि आत काळवंडलेल्या तांब्याच्या तारेचा ढीग साचलेला असतो. हरभऱ्याला पाणी देण्याची पाळी चुकली म्हणून मालक दाराशीच ताटकळत बसलेले असतात. अशाच एका दुकानात एका वयस्क शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, मोटारीच्या पट्टीवर ४१५ लिहिलंय आन् आमच्या डीपीवर तीनशे येतंय. मग खोटं कोण, मोटार का लाईट?"

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असल्याने त्या वेळी समाधानकारक उत्तर देऊ शकला नाही. पुढे नियमांची पुस्तके चाळली, अभियंत्यांना विचारले, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न देशाच्या संपूर्ण वीजव्यवस्थेच्या नियमनाचा आहे.

आधी मोटारीचे पाहू. ४१५ हा आकडा कारखानदाराने मनाने घातलेला नसतो. इतक्या दाबाची तीन फेजची वीज मिळेल, असे गृहीत धरूनच मोटारीची तार, तिच्यावरील आवरण आणि तिची ताकद ठरविलेली असते. दाब कमी झाला की मोटारीची फिरविण्याची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ४१५ च्या जागी ३०० व्होल्ट मिळाले, म्हणजे दाब सुमारे ७२ टक्के राहिला, तर शक्ती निम्म्याच्या थोडी वर उरते. पाणी मात्र तितक्याच खोलीवरून उचलायचे असते. मग मोटार अधिक प्रवाह ओढते, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तार सोसण्यापलीकडे दहा अंश अधिक तापली तर तिच्या आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. थोडक्यात, मोटार एका रात्रीत जळाल्यासारखी दिसत असली तरी ती बहुधा संपूर्ण हंगामभर जळत असते.

आकडा कोणी ठरविला?

मानक म्हणजे एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांनी आधीच मान्य केलेले माप. याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यातच आहे. १९४७ साली भारतीय मानक संस्था अस्तित्वात आली आणि तिच्या मानकांच्या यादीत पहिला क्रमांक मिळाला तो राष्ट्रध्वजाच्या मानकाला. ध्वजाच्या खादीची वीण, रंग आणि मापे त्यात निश्चित करण्यात आली आहेत. ही खादी विणण्याचे काम लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे आणि ध्वज तयार करण्याचे काम नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत चालत आले आहे. विणकर, रंगारी आणि शिलाईकाम करणारे एकमेकांना ओळखत नसले तरी ध्वज सर्वत्र सारखाच तयार होतो.

विजेच्या बाबतीत अशी शेकडो मानके आहेत. पाणबुडी पंपासाठी आय. एस. ८०३४, गावातील वितरण रोहित्रासाठी आय. एस. ११८० आणि अर्थिंगसाठी आय. एस. ३०४३ ही त्यांपैकी काही. १९८७ पासून हे काम भारतीय मानक ब्युरोकडे आहे. मात्र पंप किंवा रोहित्र कितीही चोख असले तरी त्याला मिळणारी वीजही मापात असावी लागते. विजेसारखा माल तागडीत घालून पाहता येत नाही, म्हणून तिचे माप कायद्यानेच सांगावे लागले.

ते काम भारतीय वीज नियम, १९५६ यांनी केले. नियम ५४ अन्वये कमी दाबाच्या वीजपुरवठ्यात जाहीर दाबापेक्षा सहा टक्क्यांहून अधिक चढउतार होऊ नये, असे ठरले. ४१५ व्होल्टांच्या हिशेबाने हा पट्टा सुमारे ३९० ते ४४० व्होल्टांचा होतो. नियम ५५ ने वारंवारतेला तीन टक्क्यांची सूट दिली. म्हणजे ज्या वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, त्याच वर्षीपासून रेणापूरच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर तयार होते. मोटार खरे बोलत होती.

पन्नासची शिस्त

दुसरा आकडा वारंवारतेचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने घेते, आणि एकमेकांशी जोडलेल्या सर्व वीजकेंद्रांची जनित्रे याच तालावर चालतात. परळीच्या औष्णिक केंद्रातील मोठे जनित्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, ते याच हिशेबाने. एका जुवाला शेकडो बैल जोडावेत आणि चढ लागताच सर्वांचीच चाल मंदावावी, तसे येथे घडते. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की सर्व यंत्रे एकदमच हळू होतात आणि पन्नासचा आकडा खाली सरकतो. फार खाली गेला तर टर्बाइनच्या पात्यांना इजा पोहोचते आणि वीजकेंद्रे स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडू लागतात.

१९९० च्या दशकात पश्चिम विभागात हा आकडा नियमातील ४८.५ च्याही खाली वारंवार जाई. नियम होता, पण मोडणाऱ्याला त्याची झळ बसत नव्हती. कोणत्याही राज्याने आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढली तरी तिचा दर बदलत नसे. १ जुलै २००२ रोजी पश्चिम विभागात नवी दरपद्धती लागू झाली आणि चित्र पालटले. प्रत्येक राज्याच्या सीमेवर पंधरा-पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवणारे मीटर बसले. वारंवारता खाली असताना जादा वीज ओढणाऱ्यास अधिक दर द्यावा लागू लागला. राष्ट्रीय ग्रीड संहितेतील पट्टाही क्रमाने आवळण्यात आला. २००० साली तो ४९.० ते ५०.५ होता, २०१२ मध्ये ४९.७ ते ५०.२ झाला आणि २०१४ मध्ये ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद करण्यात आला.

या शिस्तीची परीक्षाही झाली. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर पेलण्यापलीकडे भार आला आणि उत्तर भारतातील ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळली. दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य विभागही अंधारात गेले, आणि साठ कोटींहून अधिक लोकांना त्याचा फटका बसला. वारंवारता घसरताच काही भार आपोआप तोडणारे रिले ठिकठिकाणी बसविलेले असणे अपेक्षित होते, पण त्यांच्यापासून पुरेसा दिलासा मिळाला नाही, असे चौकशीत आढळले. पश्चिम विभाग त्या दिवशी तगून राहिला. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिण विभाग उर्वरित भारताशी एकाच तालावर आला. देशाची ग्रीड एक झाली ती आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता लोकांनी नऊ मिनिटे घरातील दिवे मालवले, तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घटली, तरीही ग्रीड स्थिर राहिली.

शेवटच्या खांबावर

वारंवारता इतकी सुधारली, मग दाब का सुधारला नाही? कारण वारंवारता साऱ्या देशात एकच असते. ती ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात बसून क्षणोक्षणी पाहता येते आणि तिच्या बिघाडाचे पैसे वसूल करता येतात. दाब मात्र प्रत्येक खांबावर निराळा असतो. उपकेंद्रातून तो बरोबर निघतो आणि लांबलचक वाहिनीच्या टोकाशी असलेल्या डीपीवर पोहोचेतो गळून जातो. तेथे तो पाहण्यास कोणी नसते. राज्यातील असंख्य शेतीपंपांना तर मीटरही नाही, त्यांचे बिल अश्वशक्तीवर आकारले जाते. जे मोजलेच जात नाही त्याचे नियमन तरी कसे व्हावे?

या गळतीत आपलाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे. पाणी खोल गेले तशी मोटार मोठी झाली. मंजुरी पाच अश्वशक्तीची आणि बोअरमध्ये साडेसातची, ही स्थिती सर्रास आढळते. पाच अश्वशक्तीची मोटार सुमारे साडेपाच केव्हीए भार घेते, असे धरल्यास ६३ केव्हीएच्या रोहित्रावर अशा अकरा मोटारी बसतात. साडेसातच्या मात्र सातच. वर प्रत्येकाचा ऑटो स्विच. भारनियमनानंतर वीज आली की सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. त्यातच आकडे टाकलेले असतील तर विचारायलाच नको. वितळतारेच्या जागी जाड ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली असल्याने फ्यूज उडत नाही, रोहित्रच जळते.

याच ठिकाणी कपॅसिटरचे महत्त्व कळते. पाच अश्वशक्तीच्या मोटारीस दोन केव्हीएआरचा कपॅसिटर लावला तर वाहिनीतून येणारा प्रवाह अंदाजे सहाव्या हिश्श्याने कमी होतो आणि त्यामुळे वाहिनीतील दाबाची घट कमी होते. तीन अश्वशक्तीस एक आणि साडेसात अश्वशक्तीस तीन केव्हीएआर पुरतो. तथापि एकट्याने लावून फारसा उपयोग नाही. एका डीपीवरील सर्वांनी लावला तरच फरक जाणवतो, आणि नेमके हेच घडत नाही.

दाबापेक्षाही कठोर मानके सुरक्षिततेची आहेत. शेतातून जाणारी ११ किलोव्होल्टपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असावी आणि रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार ५.८ मीटर, अशी मर्यादा १९५६ च्या नियमांत घालण्यात आली होती. लोंबणाऱ्या तारा वाऱ्याने एकमेकींना घासून उभा ऊस पेटल्याच्या तक्रारी दर उन्हाळ्यात येतात. तार नुसत्या नजरेनेच जोखावी. काठी किंवा बांबू लावून मोजण्याच्या भरीस कोणीही पडू नये.

दाद कोठे मागावी?

पूर्वी राज्य वीज मंडळच वीज देई आणि तक्रारही तेच ऐके. १९९८ च्या कायद्यानंतर १९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. २००३ च्या विद्युत कायद्याने कामाची वाटणी स्पष्ट केली. बांधकाम, जोडणी, मीटर आणि सुरक्षितता यांची तांत्रिक मानके केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ठरवावीत, ग्रीडची संहिता केंद्रीय आयोगाने करावी, आणि ग्राहकाला द्यावयाच्या सेवेची मानके राज्य आयोगाने घालून द्यावीत. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. कायद्याच्या कलम ५७ मुळे सेवेचे मानक मोडल्यास ग्राहकाला भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. राज्य आयोगाच्या २०१४ च्या विनियमांत ग्रामीण भागातील नादुरुस्त रोहित्रासाठी ४८ तासांची मुदत होती. त्या विनियमांच्या जागी २०२१ मध्ये नवे विनियम आले आणि विजेची गुणवत्ता हा विषय त्यांच्या नावातच समाविष्ट झाला.

हक्क असूनही तो वापरला जात नाही, याचे एक कारण तक्रारीची भाषा हे आहे. "लाईट नीट येत नाही" या अर्जावर काही करता येत नाही. वायरमनला किंवा जाणकार मिस्त्रीला सोबत घेऊन स्टार्टरवरील व्होल्टमीटर पाहावा. तारीख, वेळ, तिन्ही फेजचा दाब आणि त्या वेळी डीपीवर किती मोटारी चालू होत्या, याची आठ दिवसांची नोंद वहीत ठेवावी. अर्जावर ग्राहक क्रमांक आणि डीपीचा क्रमांक लिहून तो शाखा कार्यालयात द्यावा व पोच घ्यावी. एकाच डीपीवरील सर्व ग्राहकांनी मिळून अर्ज केल्यास अधिक बरे. समाधान न झाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येते. मोटार मंजुरीपेक्षा मोठी असेल तर वाढीव भाराचा अर्ज आधी करावा, अन्यथा तपासणीत पहिला प्रश्न आपल्यालाच विचारला जातो.

त्या वयस्क शेतकऱ्याची पुढे पिंपळफाट्यावर पुन्हा भेट झाली. मी त्यांना ३९० ते ४४० चा पट्टा सांगितला. त्यांनी खिशातून तंबाखूच्या पुडीचा कागद काढला, त्यावर दोन्ही आकडे लिहून घेतले आणि विचारले, "आन् हे आकडे मोजायचं यंत्र कितीला मिळतं?"