करवलीच्या गळ्यात काय?

प्रश्न : वैशाखात मुलीचं लग्न आहे. करवल्या पाच : सात वर्षांची एक पुतणी, माझ्या दोन भाच्या आणि मुलीच्या पुण्यातल्या दोन मैत्रिणी. मुलगी म्हणते, पाचही जणींना दागिन्यांचा एकसारखा सेट द्यायचा, फोटोत शोभतो. सासूबाई म्हणतात, करवलीला साडी देतात, सेट कसला? सोनं परवडत नाही आणि बेंटेक्स दिलं तर पाहुणे नावं ठेवतील. काय करावं?
– एक आई, बेंबळी (जि. धाराशिव)

उत्तर : ताई, आधी ह्या एकसारखेपणाच्या खुळाची एक जुनी गोष्ट सांगते. १० फेब्रुवारी १८४० रोजी इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. तिचा पायघोळ झगा मागून धरायला बारा मुली होत्या आणि त्या बाराही जणींना गरुडाच्या आकाराचं, पिरोजे जडवलेलं एकसारखं पदक मिळालं होतं. एका हातानं झग्याचं टोक धरायचं आणि चालायचं, एवढंच त्यांचं काम. दागिन्याची त्यात अडचण होण्याचं कारणच नव्हतं.

आपल्या करवलीचं तसं नसतं. कऱ्यात पाणी, वर नारळ, आणि तो दोन्ही हातांनी धरून मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या मागं उभं राहायचं. कुणा भटजींना आवाजाची हौस असली की मंगलाष्टकं किती लांबतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. अशात नथ सरकली तर नीट करायला हात मोकळा नसतो. मोठे झुबे केसांत अडकतात. सैल तोडे मनगटावरून घसरून कऱ्यावर आपटतात. म्हणून दागिना निवडताना फोटोआधी तिच्या हातांचा विचार करा : मनगटात फार काही नको, नाकात चापाची नथ नको (टोचलेल्या नाकातली असेल तर खुशाल), आणि गळ्यात असं काहीतरी जे बसलं की हलणार नाही.

असा दागिना आपल्याकडं आहेच – ठुशी. ती गळ्याशी घट्ट बसते. मागं दोरी असल्यानं बारीक मानेलाही येते आणि भरल्या मानेलाही, म्हणजे पाच जणींची मापं घेत बसायला नको. काठपदराच्या साडीवर शोभते, मैत्रिणींनी घागरा घातला तरी विसंगत वाटत नाही. चिंचपेटीही चालेल, पण तिच्या मोत्यांत अक्षता अडकतात आणि मग रात्री पिनेनं काढत बसावं लागतं. कुमारिकांना जोडवी आणि हिरवा चुडा नसतो, हे पुण्याच्या मैत्रिणींना मात्र आधीच सांगून ठेवा. हल्ली हौसेनं काहीही घालतात आणि मग एखादी आत्याबाई भर मांडवात बोलते.

आता पैशाचं. दुकानात ‘एक ग्रॅम सोन्याचा’ हार म्हणतात, त्यात एक ग्रॅम सोनं असतं असा पुष्कळांचा समज आहे. तो मुलामा असतो, मोडीत त्याचे पैसे येत नाहीत. खरं सोनंच द्यायचं तर कानातली बारीक फुलं घ्यावी लागतील, आणि दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही. तिथं वजन आणि कस लिहिलेली पक्की पावती हाच आधार. त्याहून जड घेतलं तर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक त्यावर हवाच. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो घालून खरा-खोटा कळतो.

पण मी तुमच्या जागी असते तर सोनं दिलंच नसतं. सोनं दिलं की उद्या भाचीच्या लग्नात तुमच्या भावजयीला तेवढंच परत करावं लागतं. मानपानाचा हिशेब कुणी वहीत लिहीत नाही, तरी विसरत कुणीच नाही. चांदीवर सोन्याचं पाणी दिलेली ठुशी घ्या. पितळेवरचा मुलामा वैशाखाच्या घामात काळा पडतो, मान खाजते ती वेगळीच. मागच्या बाजूला मऊ कापडाची पट्टी शिवून घेतली की आणखी बरं.

आणि बेंटेक्सची लाज कसली? तेर आपल्याच तालुक्यातलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात एकदा मुलीला घेऊन जा. सातवाहनांच्या काळातलं ते भरभराटीचं व्यापारी गाव, आणि तिथं सापडलेल्या दागिन्यांत काचेचे, रंगीत दगडांचे मणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत. तेव्हाच्या बायकाही काच-शंखावर हौस भागवत होत्याच की.

सासूबाईंची साडी मोडू नका. साडी त्यांच्या हातून, ठुशी मुलीच्या हातून, दोघींचं राहील. कानातलं, बांगड्या ज्याच्या त्याच्या घरच्या असू द्या. एका भाचीच्या कानात आजीची कुडी दिसली तर फोटो बिघडत नाही.

फक्त पुतणीला ठुशी नको. सात वर्षांचं लेकरू दहा मिनिटांत ती ओढून काढील, आणि करा पेलणंही तिला जमायचं नाही. तो मोठ्या भाचीकडं द्या. छोटीला घुंगरांचे चांदीचे पैंजण घ्या, फिरकी घट्ट आहे ना ते बघून. साडीच्या गर्दीत ते फोटोत येणार नाहीत, पण मांडवात ती कुठं पळतेय ते तुम्हाला दिवसभर ऐकू येत राहील.