पटवण्याआधीचं काम

चि. मृणाल हिस,


परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, “मामा, मी एक अक्षर चुकीचं बोलत नाही, तरी गावात कुणी ऐकत नाही आणि तालुक्याला साहेबही ऐकत नाहीत.” मी नुसतं हं-हं करत राहिलो, कारण यावर सावकाश लिहायचं होतं. कृषी खात्यात माझी हयात गेली. तुझं निम्मं दुखणं मला इथे बसून ओळखता येतं: तू वाद जिंकतेस. चावडीवर चार माणसांत एखाद्या आबांना निरुत्तर केलंस की ते गप्प बसतात आणि दुसऱ्या दिवशी हट्टानं स्वतःच्याच मनासारखं करतात. चार लोकांत खाली गेलेली मान वर काढायला त्यांच्यापाशी दुसरा उपाय तरी कोणता?

सोयाबीनचंच घे. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं तू सांगतेस आणि ते खरंच आहे. पण पहिल्या सरीवर पेरणाऱ्याला हे ठाऊक नाही, असं समजू नकोस. रेडिओपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळ्यांनी त्याला ते ऐकवलंय. त्याची घाई बहुधा निराळ्याच कारणानं असते. भाड्याचा ट्रॅक्टर आज शेजारच्या रानात आलाय, उद्या तो पलीकडच्या शिवारात जाईल आणि मग आठवडाभर हाती लागणार नाही. अशा माणसापुढे तू ओलीवर कितीही बोललीस तरी ते त्याच्या अडचणीला लागूच होत नाही. “दादा, चार दिवस थांबलात तर काय अडेल?” एवढं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं तुला जड जाणार, आपल्या घराण्यात ते कुणालाच जमत नाही. पहिलं उत्तर वरवरचं येतं, खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात निघतं. ट्रॅक्टरचं नाव निघालं की पुढचं बोलणं ट्रॅक्टरवरच कर. लागून रानं असलेल्या चार-पाच जणांनी मिळून एकच ट्रॅक्टर ठरवला, तर त्या मालकालाही माघारी येणं परवडतं. ओलीचा विषय तू काढलाही नाहीस आणि पेरणी मात्र ओलीवर झाली, तर तुझं काम झालं.

घरच्या बियाण्याचंही तसंच. “उगवणशक्ती तपासा” हे वाक्य फलकावर राहू दे. तू ओसरीवर बस आणि घरच्या बाईंना त्यांच्याच पोत्यातले शंभर दाणे मोजायला सांग. सरसकट घेतलेले हवेत, निवडून नकोत. आल्यागेल्यासमोर हात आपोआप टपोऱ्या दाण्यांकडेच जातो, तेवढं लक्ष ठेव. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा घालायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची. पाणी शिंपडायचं काम पोरांकडे दे, म्हणजे विसरलं जाणार नाही. सहा-सात दिवसांनी उलगडायला जाशील तेव्हा चांगले कोंब मोजायचे ते त्यांनी. तू बोटही लावू नकोस. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर एकरी 30 किलो बियाणं पुरतं, आणि त्याखाली दर टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचं, हे तुला पाठ आहे. पण “अठ्ठावन्नच!” हा आकडा त्यांच्या तोंडून निघाला की “मग आता किती पेरायचं?” हा प्रश्नही तेच विचारतात. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोती आपटली किंवा उंच थप्पी लावली की आतला अंकुर दुखावतो, हे त्या वेळी सांग. आधी सांगितलंस तर ते पुस्तकातलं वाटतं.

गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्नावर प्रश्न विचारायचे आणि लोक उत्तरं देता देता स्वतःच्याच अंधश्रद्धेला हसू लागायचे. हे सगळे सांगतात, पण झाडू विसरतात. बाबा गावात आले की आधी गाव झाडायचे, कीर्तन रात्री. रात्री जे बोलायचे ते ऐकायला लोकांनी दिवसभर त्यांना पाहिलेलं असायचं. तुझा झाडू तू शोध. कुणाचा पीक विम्याचा अर्ज अडलाय, कुणाच्या सातबाऱ्यावर चुकीचं पीक लागलंय. त्यात तू धावलीस तर पावसाळ्यात तुझा शब्द ऐकला जाईल.

आणि सगळीकडे एकाच भाषेत बोलू नकोस. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950 च्या सुमारास उभा राहिला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना शेअर घ्यायला लावत होते आणि अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. बांधावर विखेंचा शब्द चाले, तर सरकारदरबारी गाडगीळांच्या नावाला आणि आकड्यांना वजन. तुला ही दोन्ही कामं एकटीनं करायची आहेत, म्हणून तुझी जास्त दमछाक होते.

साहेबांचं सांगतो. बैठकीत पहिल्यांदाच कानावर आलेल्या गोष्टीला साहेब नाही म्हणतात. त्यांना त्या क्षणी तिचे धोकेच दिसतात, आणि त्यांच्या जागी मी असतो तरी नाहीच म्हटलं असतं. बैठकीच्या आदल्या दिवशी चहाच्या वेळी त्यांच्या कानावर घाल. विरोध करणारे पर्यवेक्षक असतील तर त्यांच्याकडे त्याच्याही आधी जा आणि “यात अडचण कुठे येईल?” असं विचार. त्यांनी सुचवलेला एखादा बदल खरोखर कर आणि बैठकीत त्यांचं नाव घेऊन सांग. टिपणीत काय हवंय ते पहिल्याच ओळीत येऊ दे: किती गावं, कोणत्या तारखेच्या आत, खर्च कोणत्या लेखाशीर्षातून. तुझी टिपणी मी वाचली. पहिलं पान शेतीच्या महत्त्वावर आहे. ते साहेबांना माहीत असावं!

आईलाही पटवून तुझ्या नोकरीच्या गावी राहायला आणायचं म्हणतेस, त्यात मात्र मी पडणार नाही. तिला तिथे कोणाची सोबत मिळेल, एवढं आधी बघून ठेव.

एक गोष्ट उरली. लोक तुझं ऐकू लागले की औषध कंपन्यांची माणसं तुझ्या दारात येतील. गोड बोलतील, शिवारफेरीला गाडी देतील, “ताई, फक्त तुमचा शब्द टाका” म्हणतील. त्यांच्या गाडीत बसू नकोस. एसटी वेळेवर नसेल तर तुझ्या मावसभावाची जुनी मोटारसायकल पडून आहे, ती घेऊन जा. ब्रेक तेवढे दाखवून घे.

तुझा,
मामा