डोक्यावरची गाठ : नुसती चीर पुरेल का?

प्रश्न : केसांत सुपारीएवढी गाठ आहे, दुखत नाही. आईलाही अशीच होती. चीर देऊन आतला मळ काढला तर चालेल का?

उत्तर : नुसती चीर देऊ नका. वर्णनावरून ही केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणातून होणारी साधी गाठ वाटते. ती कर्करोग नव्हे. अशा बहुतेक गाठी डोक्यावरच होतात आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतात, म्हणून आईचा उल्लेख निदानाला मोलाचा आहे. तरी डॉक्टरांनी हाताने चाचपून पाहायलाच हवे. आतला पांढरट लगदा मळ नसून केराटिन असते आणि गाठीची पिशवीच ते सतत तयार करते. पिशवी आत राहिली की गाठ पुन्हा भरते. पिळताना ती आतच फुटली तर सूज येऊन पुढची शस्त्रक्रिया अवघड होते. चीर स्वस्त पडते हे खरे, पण खर्च पुन्हा करावा लागतो. तेवढ्या जागेला भूल देऊन पिशवी अखंड काढणे हाच पक्का उपाय, आणि डोक्यावरची पिशवी सहसा सहज सुटून येते. निरुपद्रवी गाठ काढायचीच कशाला, असे कोणी म्हणेल. त्रास नसेल तर खरोखरच नाही काढली तरी चालते. मात्र ती झपाट्याने वाढली किंवा तिच्यावर जखम झाली तर थांबू नका, आणि काढलेली गाठ पॅथॉलॉजी तपासणीला पाठवाच.