जमिनीखालचा बिघाड कसा शोधतात?

समजा, टेलिफोन केंद्रापासून एका गावापर्यंत ६ किलोमीटर लांबीची तांब्याची केबल जमिनीखालून गेली आहे. पावसाळ्यात वाटेत कोठेतरी ओल शिरली आणि एका तारेतील वीज जमिनीत गळू लागली. टेलिफोनवर नुसती खरखर! आता खणायचे कोठे? सगळा रस्ता उकरणे तर शक्य नाही.

येथे तुमच्या ओळखीचा व्हीटस्टनचा सेतू मदतीला येतो. गावाकडच्या टोकाला बिघडलेली तार तेवढ्याच लांबी-जाडीच्या एका चांगल्या तारेला जोडतात. जाऊन-येऊन १२ किलोमीटरचे वेटोळे तयार होते. बिघाडाच्या अलीकडचा व पलीकडचा भाग या सेतूच्या दोन भुजा. उरलेल्या दोन भुजांत केंद्रातले माहीत असलेले रोध असतात. विद्युतघटाचे एक टोक या दोन रोधांच्या सांध्याला आणि दुसरे जमिनीला जोडतात.

चांगल्या तारेकडील रोध ३०० ओहम आणि बिघडलेल्या तारेकडील १०० ओहम असताना गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला, असे समजू. तारेचा रोध लांबीच्या सम प्रमाणात असतो. म्हणून वेटोळ्याचे भाग ३:१, म्हणजे ९ व ३ किलोमीटर. बिघाड केंद्रापासून ३ किलोमीटरवर आहे! या पद्धतीला मरे यांची वेटोळे चाचणी म्हणतात.

हिची खुबी पाहा. ओल्या जागेचा रोध किती, हे आपल्याला ठाऊक नसते. पण तो विद्युतघटाच्या मार्गात येतो, सेतूच्या भुजांत नाही. म्हणून उत्तर चुकत नाही.

काचेच्या प्रकाशतंतूत मात्र वीज नसते. तेथे प्रतिध्वनीसारखी युक्ती करतात. तंतूत प्रकाशाचा क्षणिक स्पंद सोडला की वाटेतील काच थोडा थोडा प्रकाश मागे विखुरते. तंतू तुटला असेल, तर त्यापलीकडून काहीच परत येत नाही. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. परतणारा प्रकाश १०० मायक्रोसेकंदांनी थांबला, तर जाण्यायेण्याचे अंतर २० किलोमीटर. म्हणजे तंतू १० किलोमीटरवर तुटला आहे.

पण लगेच कुदळ मारू नका! दुरुस्तीसाठी वाटेत तंतूची जादा वेटोळी ठेवलेली असतात. तंतूची लांबी म्हणजे रस्त्याची लांबी नव्हे.

आता तुम्ही सांगा : प्रकाश १८० मायक्रोसेकंदांनी थांबला आणि त्या जागेपर्यंत ५०० मीटर तंतू गुंडाळून ठेवलेला आहे. रस्त्यावर किती अंतरावर खणाल?

(उत्तर : १७.५ किलोमीटर)